साधित डेटाप्रकार : समांतर संगणनातील एका सोयीची चिकित्सा

मराठी व्याकरणात शब्दांचे सिद्ध आणि साधित असे दोन वर्ग मानले जातात. भाषेत मुळातच असतो तो सिद्ध. उपसर्ग, प्रत्यय किंवा समास यांच्या साहाय्याने घडवला जातो तो साधित. समांतर संगणनात सर्वाधिक प्रचलित असलेल्या 'मेसेज पासिंग इंटरफेस' अर्थात एम.पी.आय. या मानकातही डेटाचे प्रकार असेच दोन जातींचे आहेत. पूर्णांक, दशांश संख्या, अक्षर हे मानकाने दिलेले मूळ प्रकार होत. त्यांची जुळणी करून आज्ञावलीकार स्वतः घडवतो ते साधित प्रकार. १९९४ मध्ये मानकाची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हापासून ही सोय त्यात आहे आणि एम.पी.आय.वरील बहुतेक पाठ्यपुस्तकांत तिला स्वतंत्र स्थान मिळालेले आहे. असे असूनही अनेक अनुभवी आज्ञावलीकार ती टाळताना दिसतात. या टाळाटाळीचे कारण केवळ आळस नसून सोयीच्या रचनेत आणि ती शिकवण्याच्या रीतीत आहे, हे दाखवणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

संदेशवहन पद्धतीच्या आज्ञावलीत एकाच कामाचे अनेक भाग वेगवेगळ्या प्रोसेस म्हणून चालतात. प्रत्येक प्रोसेसची मेमरी स्वतंत्र असते. एकीला दुसरीच्या मेमरीत थेट डोकावता येत नाही. जे हवे ते एकीने पाठवायचे आणि दुसरीने घ्यायचे, एवढाच व्यवहार. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, १९९१ मध्ये सिद्ध केलेला 'परम ८०००' हा ट्रान्सप्युटरवर आधारलेला संगणक याच वितरित मेमरीच्या जातीचा होता. त्या काळी अशा यंत्रांसाठी सर्वमान्य असे मानक नव्हते. एका यंत्रासाठी लिहिलेली आज्ञावली दुसऱ्यावर नेताना संदेशवहनाचा भाग बहुधा नव्याने लिहावा लागे. ही अडचण दूर करण्यासाठी १९९२ पासून संशोधक आणि यंत्रनिर्माते एकत्र बसले व दोन वर्षांत एम.पी.आय. तयार झाले.

त्यापूर्वी प्रचारात असलेल्या पी.व्ही.एम. या प्रणालीत संदेश पाठवण्याची रीत गाठोडे बांधण्याची होती. पूर्णांक असतील तर पूर्णांक भरण्याची आज्ञा, दशांश संख्या असतील तर तिची वेगळी आज्ञा, आणि मग गाठोडे रवाना. पलीकडे त्याच क्रमाने ते सोडायचे. एम.पी.आय.च्या कर्त्यांनी ही रीत पूर्णपणे टाकली नाही. 'पॅक' आणि 'अनपॅक' या आज्ञा मानकात आहेतच. परंतु त्यांनी तिच्या जोडीला एक निराळी कल्पना मांडली. वस्तू हलवून गाठोड्यात भरण्याऐवजी त्या घरात कोठे कोठे ठेवल्या आहेत याची यादी फक्त द्यायची, उचलण्याचे काम लायब्ररीचे. या यादीला मानक 'टाइपमॅप' म्हणते. तिच्यातील प्रत्येक नोंदीत दोनच गोष्टी असतात : मूळ प्रकार कोणता आणि तो आरंभापासून किती बाइटवर आहे. एकदा यादी केली, 'टाइप कमिट' या आज्ञेने ती पक्की केली, की मूळ प्रकाराइतक्याच सहजपणे ती कोणत्याही संदेशात वापरता येते.

कल्पना डौलदार आहे, यात शंका नाही. तिच्यामागे काळाचीही गरज होती. त्या वर्षांत निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एका जाळ्यात जोडून त्यांच्याकडून एकत्र काम करवून घेण्याची आशा होती. सनच्या स्पार्क प्रोसेसरवर संख्येतील बाइटचा क्रम एक, तर इंटेलच्या प्रोसेसरवर नेमका उलटा. अशा दोन यंत्रांमध्ये संख्या पोहोचवायची तर ती पूर्णांक आहे की दशांश, हे लायब्ररीला कळणे आवश्यकच होते. आजच्या बहुतेक महासंगणकांत एका कामासाठी जुंपलेल्या प्रोसेसरांची बाइट मांडण्याची रीत एकच असते. प्रकार सांगण्याचे एक मोठे कारण त्यामुळे मागे पडले. यादी देण्याचे कष्ट मात्र उरले.

आकार आणि विस्तार

साधित प्रकाराच्या चिकित्सेत कळीचा मुद्दा आहे तो 'आकार' आणि 'विस्तार' यांतील भेदाचा. प्रकारात प्रत्यक्ष पाठवायचे बाइट किती, तो त्याचा आकार. पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत तो मेमरीत किती जागा व्यापतो, मधल्या रिकाम्या जागा धरून, तो विस्तार. एकाच प्रकाराच्या अनेक वस्तू लागोपाठ पाठवताना दुसरी वस्तू कोठे सुरू होते हे लायब्ररी आकारावरून नव्हे, विस्तारावरून ठरवते.

सी भाषेतील हजार ओळी आणि हजार स्तंभांचे एक मॅट्रिक्स घ्यावे. प्रत्येक संख्या आठ बाइटची. एकूण जागा ८०,००,००० बाइट. सी भाषेत ओळी एकामागून एक साठवल्या जातात, त्यामुळे एका स्तंभातील लागोपाठच्या दोन संख्यांमध्ये ८,००० बाइटचे अंतर असते. हवामानाच्या किंवा उष्णतावहनाच्या गणितात क्षेत्राचे तुकडे करून ते अनेक प्रोसेसमध्ये वाटले, की शेजारच्या तुकड्याला आपल्या कडेचा स्तंभ वारंवार पाठवावा लागतो. 'टाइप व्हेक्टर' या आज्ञेने तो एका ओळीत वर्णिता येतो : हजार संख्या, एकेक करून, दर हजार संख्यांच्या अंतराने. या प्रकाराचा आकार ८,००० बाइट. विस्तार मात्र ७९,९२,००८ बाइट, कारण तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पसरलेला आहे.

एक स्तंभ पाठवला तर सर्व काही सुरळीत चालते. एखाद्याने त्याच प्रकाराच्या दोन वस्तू, म्हणजे लगतचे दोन स्तंभ, पाठवण्याची आज्ञा दिली की घोटाळा होतो. लायब्ररी दुसरा स्तंभ ७९,९२,००८ व्या बाइटवर शोधते. तेथे शेवटच्या ओळीतील दुसरी संख्या आहे. आणि तिच्यापुढच्या ९९९ संख्या तर मॅट्रिक्सच्या हद्दीबाहेरून उचलल्या जातात. यावर १९९७ च्या दुसऱ्या आवृत्तीत 'क्रिएट रिसाइज्ड' हा उपाय आला : विस्तार आठ बाइट आहे असे लायब्ररीला बजावून सांगायचे. उपाय अचूक आहे. पण तो समजण्यासाठी नवशिक्याला जे कळावे लागते, ते कळल्यावर त्याला ही सोय शिकवण्याची फारशी गरज उरत नाही.

मॅट्रिक्सच्या बाबतीत चूक निदान आरडाओरडा करते. हद्दीबाहेरचे वाचन कधी ना कधी आज्ञावली पाडते. अधिक चिंताजनक उदाहरण 'स्ट्रक्चर'चे आहे. भौतिकशास्त्रातील कणांच्या गणितात एका कणाची नोंद अशी असू शकते : स्थानाचे तीन सहनिर्देशक प्रत्येकी आठ बाइट, चार बाइटचा अनुक्रमांक, एक बाइटची जात, आणि शेवटी पुढच्या कणाकडे बोट दाखवणारा आठ बाइटचा पॉइंटर. चौसष्ट बिटांच्या नेहमीच्या यंत्रावर कंपायलर जातीनंतर तीन बाइट रिकामे सोडतो, म्हणून पॉइंटर ३२ व्या बाइटवर येतो आणि एका कणाला ४० बाइट लागतात. पॉइंटर दुसऱ्या प्रोसेसला निरुपयोगी. त्याने दाखवलेला पत्ता तिच्या मेमरीतला नव्हे. तेव्हा समंजस विद्यार्थी तो वगळून पहिल्या पाच घटकांचाच साधित प्रकार करतो. आकार २९ बाइट. विस्तार, आठच्या पटीत नेऊन, ३२ बाइट.

आता पाच कणांची रांग पाठवली तर काय होते? लायब्ररी ४० ऐवजी ३२ बाइटची पावले टाकते. २०० बाइटच्या रांगेतील पहिल्या १६० बाइटपर्यंतच ती पोहोचते, आणि दर ३२ बाइटमागे शेवटचे तीन बाइट सोडून देते. घेणाऱ्या बाजूला तोच प्रकार वापरला असल्याने उचललेला प्रत्येक बाइट आपल्या मूळ जागीच उतरतो. पहिला कण तंतोतंत पोहोचतो. दुसऱ्या कणाच्या तिसऱ्या सहनिर्देशकाचे वरचे तीन बाइट गळतात, तिसऱ्या कणाच्या दुसऱ्याचे, चौथ्या कणाच्या पहिल्याचे. इंटेल पद्धतीच्या प्रोसेसरवर याच तीन बाइटांत संख्येचे चिन्ह आणि घातांक असतात. घेणाऱ्याची मेमरी आधी शून्याने भरलेली असेल तर ती संख्या जवळजवळ शून्य होऊन बसते. पाचवा कण पोहोचतच नाही. शिवाय जे पॉइंटर पाठवायचे नव्हते, त्यांतील पहिले तीन जसेच्या तसे पलीकडे जाऊन पोहोचतात.

आज्ञावली थांबत नाही. त्रुटीचा संदेश येत नाही. पाठवलेल्या आणि घेतलेल्या प्रकारांची 'स्वाक्षरी', म्हणजे मूळ प्रकारांचा क्रम, दोन्हीकडे सारखीच असल्याने मानकाच्या नियमाचा भंगही होत नाही. स्वाक्षऱ्या ताडून पाहणाऱ्या तपासणी साधनाला यात वावगे काहीच दिसत नाही. एका कणावर चाचणी घेतली तर उत्तर बरोबर येते. प्रयोगशाळेतील वहीत ती चाचणी 'उत्तीर्ण' म्हणून नोंदवली जाते आणि चूक पुढे शोधप्रबंधातल्या आलेखात जाऊन बसते. गणिताचे निष्कर्ष ज्यावर उभे राहणार, त्या संख्याच अशा रीतीने बदलत असतील, तर ही बाब केवळ तंत्राची राहत नाही.

दोष नेमका कोठे आहे? कणाची रचना दोन ठिकाणी सांगावी लागते, यात. एकदा कंपायलरला, स्ट्रक्चरच्या व्याख्येतून. आणि पुन्हा एकदा लायब्ररीला, बाइटांच्या यादीतून. पहिले वर्णन अर्थाचे आहे, दुसरे निव्वळ जागेचे. दोहोंचा मेळ आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी मानकाने कोणावरच टाकलेली नाही. उद्या कोणी व्याख्येत एक घटक वाढवला तर कंपायलर आपले वर्णन आपोआप सुधारून घेतो. दुसरे वर्णन तसेच शिळे राहते. अलीकडे, विशेषतः २०१८ नंतर, कंपायलरकडील माहिती आणि एम.पी.आय.ला दिलेली यादी ताडून पाहणारे 'टाइपआर्ट'सारखे साधन संशोधनातून पुढे आले आहे. पण ते बाहेरून बांधलेले ठिगळ आहे, मानकाचा भाग नव्हे.

अनेक अनुभवी आज्ञावलीकार अशा ठिकाणी स्ट्रक्चर सरळ बाइटांची रांग म्हणून पाठवून मोकळे होतात. पॉइंटरही जातो, पण तो घेणाऱ्याने दुर्लक्षावा. पाठ्यपुस्तकांना ही रीत ग्राम्य वाटते. एकसारख्या यंत्रांवर ती बिनचूक चालते, हे मात्र मान्य करावे लागेल.

पाठ्यपुस्तकातील तीन संख्या

पीटर पाचेको यांचे १९९७ चे एम.पी.आय.वरील पुस्तक विद्यार्थिप्रिय आहे आणि त्याची लोकप्रियता सार्थ आहे. साधित प्रकाराची ओळख त्यात समलंब चौकोनांच्या नियमाने संकलन काढण्याच्या आज्ञावलीतून करून दिली आहे. मर्यादा दाखवणाऱ्या दोन दशांश संख्या आणि तुकड्यांची संख्या सांगणारा एक पूर्णांक, अशी तीन मूल्ये सर्व प्रोसेसना एका संदेशात कळवायची आहेत. त्यासाठी तिन्ही चलांचे पत्ते काढायचे, पहिल्यापासून इतरांचे अंतर मोजायचे, यादी करायची, ती पक्की करायची आणि मग संदेश पाठवायचा.

उदाहरण छोटे आहे, आणि अडचण तेथेच आहे. तीन मूल्ये आज्ञावलीच्या आरंभी एकदाच पाठवली जातात. एवढ्यासाठी यादी तयार करण्याचा खर्च तीन स्वतंत्र संदेशांहून फार कमी असेलच असे नाही. (कोणती पद्धत केव्हा वापरावी याचे विवेचन पाचेको यांनी त्याच प्रकरणात केले आहे, वर्गात बहुधा तेवढ्यापर्यंत वेळ पुरत नाही.) शिवाय तिन्ही चले एका स्ट्रक्चरचे घटक नाहीत, सुटी आहेत. त्यांच्यातील अंतर म्हणजे कंपायलरने त्या क्षणी त्यांना दिलेल्या जागांचा योगायोग. असा प्रकार त्याच चलांपुरता खरा, इतरत्र निरर्थक. पुन्हा वापरता येणे हा साधित प्रकाराचा मुख्य गुण. तोच या उदाहरणात दिसत नाही. आणि विस्ताराचा प्रश्न तर उद्भवतच नाही, कारण वस्तू एकच पाठवायची असते.

महाराष्ट्रातील काही विद्यापीठांच्या संगणक अभियांत्रिकी अभ्यासक्रमांत उच्च क्षमता संगणन हा विषय आता स्थिरावला आहे. तेथे शिकवणाऱ्यांसमोर आणखी एक पेच आहे. जुन्या पुस्तकांतील 'टाइप स्ट्रक्ट', 'ॲड्रेस' ही नावे १९९७ मध्येच कालबाह्य ठरवण्यात आली आणि २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत मानकातून काढून टाकण्यात आली. वहीतून फळ्यावर आणि फळ्यावरून पुन्हा वहीत उतरत आलेले उदाहरण नव्या लायब्ररीवर संकलितच होत नसेल, तर विद्यार्थ्याने कोणावर विश्वास ठेवावा?

गतीचा प्रश्न

साधित प्रकाराच्या बाजूने दिला जाणारा दुसरा युक्तिवाद गतीचा आहे. प्रत्येक संदेशाला काही ठरावीक आरंभखर्च असतो, म्हणून हजार संख्यांसाठी हजार संदेश पाठवणे कोणीच करणार नाही. उरतात दोन मार्ग : हाताने एका तात्पुरत्या रांगेत नकल करून ती पाठवणे, किंवा साधित प्रकार देणे. दुसऱ्या मार्गात नकल लायब्ररी स्वतः करील, तुकड्यातुकड्याने पाठवीत जाईल, जाळ्याच्या यंत्रणेत सोय असेल तर नकल टाळीलही. म्हणजे तो हाताने केलेल्या कामापेक्षा मंद असण्याचे कारण नाही, अशी अपेक्षा.

सुरुवातीच्या लायब्रऱ्यांनी ही अपेक्षा पुरी केली नाही. हाताने लिहिलेले नकल करण्याचे आवर्तन कंपायलर आधीच पाहू शकतो आणि वेगवान करू शकतो; साधित प्रकाराची यादी आज्ञावली चालताना वाचावी लागते. १९९९ मध्ये येस्पर ट्रॅफ आणि सहकाऱ्यांनी, तसेच ग्रॉप, लस्क व स्विडर यांनी, ही यादी वाचण्याच्या सुधारित रीती मांडल्या. २००३ मध्ये रॉस, मिलर व ग्रॉप यांनी पुन्हा वापरता येईल अशी यंत्रणा दिली. २०१० मध्ये होएफ्लर आणि गॉटलीब यांनी फूरिए रूपांतरातील मॅट्रिक्सची उलटापालट साधित प्रकारांवर सोपवून लाभ झाल्याचे दाखवले. प्रगती निश्चित आहे. तथापि २०१७ मध्ये कार्पेन-अमारी, हुनोल्ड आणि ट्रॅफ यांनी अपेक्षा व प्रत्यक्ष मोजमाप यांची तुलना केली तेव्हाही काही लायब्रऱ्यांत काही प्रकारांबाबत अपेक्षाभंग आढळला. याचा अर्थ साधित प्रकार मंद असतो असा नव्हे. तो वेगवान असेल की मंद, हे आज्ञावलीकाराला आधी सांगता येत नाही, असा आहे. आणि ज्याला गतीसाठीच समांतर यंत्र वापरायचे आहे त्याच्या दृष्टीने ही अनिश्चितता पुरेशी आहे.

मधल्या काळात या सोयीचा एक अनपेक्षित उपयोगही रूढ झाला. संदेशातील वस्तूंची संख्या मानकात साध्या पूर्णांकाने दिली जात असल्याने ती २,१४,७४,८३,६४७ पुढे जाऊ शकत नव्हती. डेटा त्याहून मोठा झाला तेव्हा अनेक संख्यांचा एक साधित प्रकार करून मोजणी कमी दाखवण्याची युक्ती निघाली. २०२१ च्या चौथ्या आवृत्तीत मोठ्या मोजणीच्या आज्ञा आल्यावर या युक्तीची निकड संपली.

फाइलच्या दारात

साधित प्रकाराने आपले खरे मोल सिद्ध केले ते संदेशात नव्हे, फाइलमध्ये. १९९७ च्या आवृत्तीने समांतर फाइल-व्यवहार मानकात आणला आणि त्यासाठी नवी भाषा न घडवता साधित प्रकारच वापरले. मोठे मॅट्रिक्स एका फाइलमध्ये आहे आणि प्रत्येक प्रोसेसला त्याचा आपापला आयताकृती तुकडा हवा आहे, अशी कल्पना करावी. 'क्रिएट सबॲरे' ही आज्ञा पूर्ण मॅट्रिक्सची लांबी-रुंदी, तुकड्याची लांबी-रुंदी आणि त्याचा आरंभ एवढेच विचारते. बाइट मोजावे लागत नाहीत. विस्तार आपोआप पूर्ण मॅट्रिक्सएवढा धरला जातो. तो प्रकार फाइलचे 'दृश्य' म्हणून लावला, की प्रत्येक प्रोसेसला जणू आपलाच तुकडा सलग ठेवलेला दिसतो.

ठाकुर, ग्रॉप आणि लस्क यांनी १९९८ मध्ये याच प्रश्नावर लिहिलेला शोधनिबंध या विषयातील सर्वांत पटणारा पुरावा मानावा लागेल. तोच डेटा लहान लहान तुकड्यांत वाचणे आणि साधित प्रकाराने एकत्रित मागणे यांत मोठा फरक पडतो, हे त्यांनी दाखवले. कारण उघड आहे. डिस्कच्या यंत्रणेला एकेक संख्या मागितली तर ती एकेकीसाठी धावते. सर्व प्रोसेसची संपूर्ण मागणी आधी कळली तर ती मोठे सलग पट्टे वाचून नंतर वाटणी करू शकते. येथे यादीच्या बदल्यात लायब्ररीला असे काही कळते जे हाताने केलेल्या नकलेतून कधीच कळले नसते. समांतर नेटसीडीएफ आणि एच.डी.एफ.५ या वैज्ञानिक संग्रहपद्धती आतून हेच करतात, म्हणून हवामानशास्त्रज्ञ साधित प्रकाराचे नावही न घेता त्याचा रोज लाभ घेतो.

व्हेक्टर आणि सबॲरे यशस्वी, स्ट्रक्चर धोक्याचे, ही विभागणी योगायोगाची नाही. पहिल्या दोहोंत आज्ञावलीकार आकृती सांगतो : इतक्या ओळी, इतके स्तंभ. तिसऱ्यात तो कंपायलरने केलेल्या मांडणीची नकल करतो. अभ्यासक्रमात क्रम मात्र अनेकदा उलटा दिसतो. स्ट्रक्चर आधी, कारण विद्यार्थ्याला ते ओळखीचे, आणि फाइलची दृश्ये वेळ उरला तर. तो क्रम बदलणे, आणि स्ट्रक्चर शिकवलेच तर पहिल्याच प्रात्यक्षिकात निदान पाच वस्तूंची रांग पाठवून लायब्ररीने सांगितलेला विस्तार व कंपायलरने सांगितलेला आकार शेजारी शेजारी छापून घेणे, यासाठी नवे पुस्तक लागत नाही.

दुहेरी वर्णनाच्या दोषावर भाषांच्या बाजूनेही प्रयत्न झाले आहेत. सी प्लस प्लसच्या बूस्ट लायब्ररीत घटकांची नावे दिली की विस्थापने ती स्वतः काढते; नावे मात्र हातानेच द्यावी लागतात. २०२५ मध्ये सी प्लस प्लसच्या मानक समितीने स्ट्रक्चरचे घटक आज्ञावलीलाच वाचता येतील अशी सोय पुढील आवृत्तीसाठी स्वीकारली, त्यामुळे तेही टळू शकेल. तेव्हा वरील कणाचा विस्तार बिनचूक ४० बाइट येईल. पण ती यादी आपोआप तयार होताना पॉइंटरही तिच्यात येईल. त्याला आठ बाइट लागतात हे कंपायलरला ठाऊक असते. दुसऱ्या प्रोसेसमध्ये तो पत्ता कोणाचाच नसतो, हे त्याला ठाऊक नसते.